हिरव्या कोटाची उलटी लव

काकूंना दमायची चोरी होती. म्हणजे तशी कुणी बंदी घातली नव्हती, पण "आज अंग मोडून आलंय" असं त्या नुसतं म्हणाल्या, की घरातलं कुणीतरी लगेच म्हणायचं, "दोन झबली शिवून टाका, मोकळं वाटेल." जसं काही झबली शिवणं म्हणजे पाय चेपून घेणं.

हे म्हणण्यात पहिला नंबर काकांचा. काका जन्मभर बसचे कंडक्टर. निवृत्त झाले तरी घरात त्यांचं तिकिटं फाडणं चालूच. दारात पाहुणे आले की "चला, आत सरका, आत जागा आहे." आणि काकूंबद्दल बोलायचं तर त्यांचं ठरलेलं, "हिचं मशीन चालू आहे म्हणून ही चालू आहे. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी आपली गाडी डेपोत."

ऐकणारे हसायचे. काकूही हसायच्या. हसताना त्यांच्या मनात यायचं, डेपोत गाडी जाते तेव्हा निदान तिला कुणी हात तरी लावत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत रस्त्याकडची एक मोठी खिडकी, खिडकीखाली काकूंचं पायाचं मशीन. शेजारी टेबल. त्यावर सकाळी कापायचं, दुपारी इस्त्री आणि रात्री सगळं आवरून त्यावरच जेवायचं. कितीही झाडा, चमच्याला कुठला तरी धागा चिकटलेला निघायचाच. मुलगा कारखान्यात पाळीवर, तो घरी असला तर झोपलेला असायचा. म्हणजे दिवसभर या खोलीत माणसं तीन. काकू, काका आणि सून.

मुलगा पाळण्यात होता तेव्हा काकूंनी आपल्या जुन्या पांघरुणातून त्याला पहिलं झबलं बेतलं. ते पाहून शेजारणीने तिच्या बाळासाठी मागितलं, मग शेजारणीच्या भावजयीने, आणि बघता बघता तो काकूंचा धंदाच झाला. मोठ्या माणसांचे कपडे त्यांनी कधी शिवले नाहीत. "मोठी माणसं आरशात बघतात आणि मग माझ्याकडे बघतात," त्या म्हणायच्या. "लहान मूल फक्त टोचतंय का ते बघतं." म्हणून त्यांच्या कपड्यांना आतून एक शिवण उघडी नसायची. कपडा उलटा घातला तरी चालेल असा. मुलं बटणं चघळतात, म्हणून बटणामागे कापडाचा एक जास्तीचा तुकडा घालून ते शिवलेलं. आणि गळा सैल. कारण लहान मूल म्हणजे सगळं डोकंच, बाकीचं मागून येतं.

कापायचं, शिवायचं काकूंनी. सजवायचं सुनेने. सून लग्नाआधी केकच्या दुकानात होती, केकवर नावं आणि फुलं काढायची. इथं आल्यावर तिने क्रीमची पिशवी खाली ठेवली आणि सुई उचलली. तिच्या हाताखाली झबल्यावर बदकं चालायची, गोगलगाई चढायच्या, खिशातून उंदीर डोकवायचे. पण कात्रीला ती हात लावायची नाही.

"दोऱ्याचं बरं असतं आई," ती म्हणायची. "चुकला तर उसवता येतो. कापलेलं कसं जोडू?"

"मला पण पहिल्यांदा कुणी शिकवलं नव्हतं."

"तुमचं वेगळं. तुमच्या बोटांना डोळे आहेत."

होते. गेल्या थंडीपर्यंत होते. मग उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि एक दिवस मुंग्याही गेल्या. काही येईना. बोटं जागच्या जागी, हलतायत, सुई धरतायत, पण दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. मलमल आणि मांजरपाट हाताला सारखंच लागायला लागलं.

काकूंनी कुणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर घराने त्यांना आजारी केलं असतं. काढे, शेक, तेल, आणि वरून "हात चालता ठेवा, रक्त फिरतं." त्यांना आजारी पडायचं नव्हतं. त्यांना थांबायचं होतं. आजारी न पडता माणसाला थांबता येतं का, एवढंच त्यांना कुणालातरी विचारायचं होतं, आणि या घरात ते विचारायला कुणी नव्हतं. शिवाय सून. आपण मशीनवरून उठलो तर हिची बदकं कशावर चालणार? तिला घरात दुसरं आपलं असं काय आहे? या विचाराशी आलं की काकू पुन्हा पायडलवर पाय ठेवायच्या.

अशात कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या ताई आल्या. ताईंच्या हातात मोठी पिशवी, कडेवर नात आणि चेहऱ्यावर मुद्दाम ठेवलेलं हसू. पिशवीतून त्यांनी एक मखमली कोट काढला. गर्द हिरवा, लांब, बायकी. कोपरांवर झिजलेला, खाली कसरीने खाल्लेला.

"माझ्या आईचा," ताई म्हणाल्या. "गेल्यापासून कपाटात टांगून आहे. घालवत नाही, टाकवत नाही. म्हटलं, हिच्यासाठी होईल का काही?"

"काही म्हणजे?"

"कोटच. एवढासा."

काकूंनी कोट टेबलावर पसरला. कसर कुठं कुठं लागलीय ते पाहिलं. चांगलं कापड थोडं, भोकं फार. आणि असलं कापड पुन्हा आणायचं कुठून?

"काकू, नाही म्हणू नका," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली मी हा देणार नाही."

"ती नाही म्हणणार?" काका पेपरामागून बोलले. "अहो, आमची गाडी सगळ्या थांब्यांवर थांबते."

काकूंनी नातीला मांडीवर घेतलं. ती त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होती. काकू लहान मुलांचं माप टेपेने घ्यायच्या नाहीत. टेप दिसली की मूल तरी पळतं, नाहीतर टेप तरी तोंडात जाते. त्या बोलत बोलत वितीने मोजायच्या.

"काय म्हणता ठकूताई? कुठं निघालात? हात बघू. अगंबाई, हा हात की वेलाची काडी? आणि हे पोट कुणाचं? तुमचंच? शेजाऱ्यांचं तर नाही?"

ठकूताई खुदकन हसल्या. तेवढ्यात खांदा, हात, पाठ, पोट, सगळं मोजून झालं होतं. सून कोपऱ्यातून म्हणाली, "आई, मी तर हे बघायलाच बसते."

आता मखमलीचं एक आहे. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की ती बसते, उलट फिरवला की उभी राहते. बसलेली लव फिकी दिसते, उभी लव गर्द. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेला कापायचे, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग होतात. आणि खडूच्या खुणा उलट्या बाजूने करायच्या असतात, म्हणजे कापताना लव टेबलाकडे तोंड करून असते, दिसत नाही. खालून बोटं घालून चाचपायची. लव कुठं वळलीय ते बोटं सांगतात.

काकूंनी खालून बोटं घातली.

बोटं काही बोलली नाहीत.

बाहेर ढगाळ होतं. काका वाचून दाखवत होते, कुठल्याशा शहरात बस रुळांवरून धावते म्हणे. काकूंनी पुन्हा चाचपलं. मऊ, एवढंच कळलं. कापड उचलून उजेडात धरावं, एवढं सोपं होतं. पण छोट्या कोटाचा पुढचा एक भाग कसरीच्या भोकांतून वाट काढत कसाबसा बसवला होता. हलवलं की पुन्हा सगळं मांडा, पुन्हा टाचण्या, पुन्हा वाका. कमरेने आधीच हात टेकले होते. होतंय ते होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि हे मनात आलं याचंच त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी कात्री चालवली.

अस्तर लावून, आतून शिवून, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोट सुलटा केला. छोट्या बाह्या बाहेर ओढल्या, गळपट्टी दुमडली आणि खिडकीत धरला.

डावी बाजू गर्द. पावसात भिजलेल्या पानासारखी. उजवी फिकी, उन्हात वाळत टाकून विसरल्यासारखी. मधोमध बटणपट्टीवर सरळ फाळणी.

इतक्या वर्षांत अशी चूक काकूंनी केली नव्हती. नवीन शिकणाऱ्या पोरी करतात असलं.

सून मागे येऊन उभी राहिली. तिने कोट पाहिला. सासूकडे पाहिलं नाही.

"एक पाय पायजम्यात, एक विजारीत, तसं झालंय," काकू म्हणाल्या.

"मी बघते काय करायचं ते."

"काय बघणार? कापड संपलं. उरल्यात त्या चिंध्या, एखादं टोपडं निघेल फार तर. ताईंना सांगावं लागेल."

"आज नका सांगू. माझ्याकडे द्या."

काकूंना द्यायचा नव्हता असं नाही. पण देताना त्यांना एकदम हायसं वाटलं, आणि त्याची लाज वाटली. झालं ते झालं, आता तरी कुणीतरी म्हणेल, बास काकू, पुरे करा. निदान ताई तरी रागावतील. रागावलेल्या माणसासमोर थांबणं सोपं असतं.

सुनेने तो कोट आठवडाभर मांडीवरून खाली ठेवला नाही. शेवटी तिने दाखवला तेव्हा काका पेपर ठेवून उठले. गर्द बाजूला रात्र झाली होती. चांदण्या, खिशाच्या कडेवर बसलेलं घुबड, बाहीवर डोळे मिटलेली मेंढरं. फिक्या बाजूला दिवस. खाली गवत, त्यात ससा, खांद्यापाशी केशरी दोऱ्याचा सूर्य, अर्धा गळपट्टीच्या मागे लपलेला. आणि मधल्या फाळणीवर, बटणांच्या रांगेत, एक मांजर रात्रीतून दिवसात चाललं होतं. पुढचे पाय उजेडात, शेपटी अंधारात.

"वा," काका म्हणाले. "एका तिकिटात दोन प्रवास."

काकूंनी त्या मांजरावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही, पण डोळ्यांना दिसलं. त्या म्हणाल्या, "छान झालंय." आणि आत पाणी प्यायला गेल्या. तहान नसताना.

ताई आल्या. ठकूताईंना कोट घातला. ठकूताईंनी मान वाकवून आधी घुबड पाहिलं, मग ससा, मग पुन्हा घुबड, आणि स्वतःभोवती गोल फिरायला गेल्या त्या बसल्याच. ताईंच्या डोळ्यांत पाणी.

"काकू, हे सुचतं कसं हो तुम्हाला? लव उलटसुलट कापून एकाच कापडाचे दिवस आणि रात्र. माझी आई असती तर..." नाक पुसून त्या म्हणाल्या, "आणि आता ऐका. माझ्या भाचीलाही तिच्या मुलासाठी असाच हवाय. समोरच्या शाळेतल्या बाईंना पण. मी म्हटलं, आधी विचारते. पण काकू कुठं नाही म्हणतात?"

"आणखी दोन कोट?" सून म्हणाली. ती काकूंकडे पाहत होती.

"मखमल ते आणतील. तुम्ही फक्त अशीच उलटी कापा."

काका म्हणाले, "घ्या. आता तर हिला शंभर वर्षं मरण नाही."

सगळे हसले. काकूही हसायला गेल्या, पण हसू आलंच नाही. रोज येतं तसं ते आलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या. आपल्या चुकीचं कौतुक झालं, आता ती चूक रोज मुद्दाम करायची. याला शेवट नाही, असं त्यांना स्पष्ट दिसलं. अगदी रस्ता दिसतो तसं.

"ताई, हे सुचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ही चूक आहे."

"काय?"

"लव मला कळली नाही. बोटांना कळत नाही आता. मी अंदाजाने कापलं. तुमच्या आईच्या कोटाची मी वाट लावली होती. वाचवला तो हिने."

ठकूताईंनी तेवढ्यात सशाला चाटून पाहिलं.

"बोटांना कळत नाही म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे कळत नाही. सुई टोचली तरी कळत नाही."

"मला माहीत होतं," सून हळूच म्हणाली.

काकूंनी वर पाहिलं.

"पांढऱ्या टोपड्यांवर रक्ताचे ठिपके यायचे, आई. तुमच्या बोटाचे. धुऊन जायचे नाहीत. मग मी त्यावर चेरी काढायचे."

काकूंना आठवलं. गेले काही महिने टोपड्यांवर चेरी कुठंही उगवत होत्या. एक कानापाशी, एक मागे मानेवर. त्यांना वाटायचं, पोरीची नवी तऱ्हा असेल.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? बाबा रोज म्हणतात, मशीन थांबलं तर तुम्ही... मला भीती वाटली. मी म्हटलं, चालतंय तोवर झाकत राहू."

"आणि मी तुझ्यासाठी रेटत होते. म्हटलं, मी उठले तर ही भरतकाम कशावर करेल."

सून म्हणाली, "मला तर पुष्कळदा वाटतं, आज काही काढू नये. तुम्ही शिवून ठेवता म्हणून मी बसते."

दोघींच्याही अंगात भांडायचं बळ नव्हतं. आधी सुनेला हसू फुटलं, मग काकूंना. फार नाही, थोडंसंच, दमलेल्या माणसाला परवडेल तेवढं.

ताईंनी औषधांच्या दुकानातल्या सवयीने काकूंचा हात ओढून घेतला, बोटांची पेरं दाबून पाहिली. "हे डॉक्टरांना दाखवायला हवं. इतके दिवस अंगावर काढलंत?"

"दाखवेन. पण ताई, ते बरं झालं तरी मी शिवणार नाही. हे आधीच सांगून ठेवते. बोटांमुळे नाही. मी दमलेय."

शब्द साधाच. पण काकांनी तो बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला.

"मग तू दिवसभर करणार काय?" ते म्हणाले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही."

"असं कसं चालेल? माणसाला काहीतरी..." ते थांबले. त्यांच्या आवाजातली कंडक्टरकी एकदम गेली होती. "तुला काही होणार तर नाही ना?"

"झोप लागेल," काकू म्हणाल्या. "झालंच तर."

ताई उठल्या. ठकूताईंना कडेवर घेताना त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "मी भाचीला नाही म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. मग दारापाशी घुटमळल्या. "उरलेल्या तुकड्यातून हिला टोपडं तेवढं होईल का, हेही विचारायचं होतं. ते राहिलं तर राहिलं."

बोलणं काकूंच्या जिभेवर आलं होतं, सवयीने, "करते की, त्यात काय." त्यांनी ते गिळलं.

"मी करून बघते," सून म्हणाली. मग लगेच, "म्हणजे, होईलच असं नाही. कापायचं मला येत नाही. बिघडलं तर बोलायचं नाही."

"बिघडू दे," ताई म्हणाल्या. "कपाटात टांगलेलं होतं, त्यापेक्षा बरं."

त्या गेल्या. काका पेपर घेऊन बसले, पण पान उलटलं नाही. सुनेने टेबल मोकळं केलं. काकू आतल्या खोलीत गेल्या, दार थोडं लोटलं आणि भर दुपारी पलंगावर आडव्या झाल्या. उजेडात झोपायची सवय नव्हती. छताकडे पाहत पडल्या. कंबर गादीला टेकली तशी ती किती दुखत होती ते कळलं.

बाहेर कापड पसरल्याचा आवाज आला. टाचण्यांची डबी.

"आई?" सून म्हणाली. मोठ्याने नाही, बाजूला बसलेल्या माणसाला म्हणतात तसं. "लव वर ठेवायची की खाली?"

काकूंना उत्तर माहीत होतं. उठायचंही नव्हतं, नुसतं पडल्या जागेवरून बोलायचं. त्यांनी तोंड उघडलं. एक सांगितलं की दुसरं विचारेल, दुसरं सांगितलं की बघायला जावं लागेल, आणि बघायला गेलं की हातात कात्री येईल. त्यांनी तोंड मिटलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

"झोपलीय वाटतं," काका बाहेर हळू आवाजात म्हणाले. "उठवू नकोस."

"पण बाबा, चुकलं तर?"

"मला काय विचारतेस? मी तिकिटं फाडणारा माणूस. हात फिरवून बघ, कसं लागतंय."

मग खसखस, हात कापडावरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरल्याची. "ही अशी बसते," सून स्वतःशीच म्हणाली, "आणि ही अशी उभी राहते. अच्छा."

पहिली कात्री फार हळू चालली. मध्येच थांबली, पुन्हा चालली. काकूंनी पुढच्या आवाजाची वाट पाहिली, पण तो यायच्या आत त्यांचा डोळा लागला होता.